माफीची तिसरी खेप

थोरला शिंपी रुसून बसला होता, आणि रुसवा त्याला चांगलाच मानवला होता.

कारणही तसंच होतं. धाकट्या भावानं भर दुकानात गिऱ्हाइकाला सांगितलं, "दादाचे हात हल्ली थरथरतात, कोट माझ्याकडे द्या." गिऱ्हाइकानं कापड उचलून धाकट्याच्या टेबलावर ठेवलं. थोरल्यानं त्या दिवशी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. आता, हात थरथरत होते हे काही खोटं नव्हतं. पण हे भाऊ ज्यू, आणि ज्यूंच्या धर्मात कुणाचं उणं चव्हाट्यावर मांडणं हे पापच, मग ते शंभर टक्के खरं का असेना. आणि माणसाशी केलेलं पाप देव परस्पर माफ करत नाही. प्रायश्चित्ताच्या वार्षिक उपासाआधी ज्याचं मन दुखावलं त्याच्याच दारी जावं लागतं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदाही त्यानं नाही म्हटलं, तर मागणारा सुटतो आणि पाप नकार देणाऱ्याच्या डोक्यावर बसतं.

धाकटा दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा थोरला म्हणाला, "मला वेळ नाही." घरी बसून होता, तरी वेळ नव्हता. दुसऱ्यांदा म्हणाला, "बघू." तिसऱ्या वेळी मात्र तो विरघळणार होता. काय बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं आरशासमोर ठरलं होतं. सदऱ्याचं एक बटण तेवढं लोंबत होतं, पण त्याला तो बायकोला हात लावू देत नव्हता. "शिंपी मी आहे की तू?" म्हणायचा.

उपासाची संध्याकाळ आली. सूर्य समोरच्या गच्चीला टेकला तरी धाकट्याचा पत्ता नाही.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "दोन खेपांत दमला. भाऊ म्हणे."

"मघाशी जिन्यात भेटले भाऊजी," बायको टेबल पुसत म्हणाली. "वर या म्हटलं, तर म्हणाले, वहिनी, दादाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला, तर पाप त्याच्या माथी जाईल. राहू दे माझ्याकडेच, मला पेलेल."

थोरल्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या गाढवाबद्दल इतकी माया दाटून आली की चपला उलट्यासुलट्या घालूनच तो जिना उतरला.

खाली धाकटा दुकानाचं दार ओढून घेत होता. भावाला बघून तो कावराबावरा झाला.

"तू दोनदा आलास, मी दोनदा परत पाठवलं," थोरला म्हणाला. आरशासमोरचं एकही वाक्य आठवेना. "मला माफ कर."

"अरे दादा, चूक माझी होती."

"तुझीच होती. हात थरथरतात हे खरं आहे. पण ते तू सांगायचं नव्हतंस. मी सांगणार होतो."

"कधी?"

उजेड अजून थोडा होता. सूर्य बुडाला की उपास लागणार, आणि उपासात काम वर्ज्य, मग सुई हातात धरता येणार नव्हती. थोरल्यानं सदऱ्याचं लोंबतं बटण पुढे केलं.

"आत्ता," तो म्हणाला. "सुई ओवून दे. मला जमत नाही."