वर उतरलेलं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. पाती शाबूत, शेपटी शाबूत, माणसं शाबूत. एका कावळ्याचा अपमान झाला, तेवढं सोडलं तर कुणालाही काही झालं नाही.

आता हे घडलंच नाही असं धरून चालू. कारण वैरागचे सिद्धाप्पा आजही तसंच धरून चालले आहेत, आणि त्यांच्या मुलीशी गुरुशांतचं लग्न होणार की नाही, हे त्यांच्या त्या धरण्यावरच अवलंबून आहे. तेव्हा हेलिकॉप्टर परत शोकेसमध्ये ठेवू, वर प्लास्टिकची पिशवी घालू आणि पोह्यांपासून सुरुवात करू.

गुरुशांत सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला होता. मुली बघून बघून तो आता पोह्यांच्या रंगावरून नकार ओळखायला शिकला होता. पण वैरागला भुवनेश्वरीनं बशी पुढे करताना हळूच सांगितलं, "बाजूच्या मिरचीला हात लावू नका. कालच्या पावण्याला पाणी पाजावं लागलं." असल्या कार्यक्रमात इतकी उपयोगाची माहिती त्याला आजवर कुणी दिली नव्हती. गुरुशांतचा निकाल तिथंच लागला.

मुलीचे वडील सिद्धाप्पा म्हणजे तूर-सोयाबीनचे अडते. माणसाकडेही ते पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुन्याचे दाणे काढल्यासारखे बघायचे.

"छंद काय तुमचा, पावणं?"

गुरुशांतला छंद नव्हता. रविवारी दुपारी झोपणं हा छंद धरत नाहीत. घाम फुटलेल्या अवस्थेत त्यानं इकडेतिकडे पाहिलं. शोकेसमध्ये गणपती होता, भुवनेश्वरीच्या वक्तृत्वाच्या ढाली होत्या आणि मधोमध हातभर लांबीचं लाल हेलिकॉप्टर होतं.

"ते... उडवतो," तो म्हणाला.

"काय उडवता?"

"रिमोटची हेलिकॉप्टरं."

सिद्धाप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. हेलिकॉप्टर त्यांना बंगळूरच्या साडूनं दिलं होतं. तेव्हापासून अख्खं मार्केट यार्ड त्यांना विचारत होतं, "उडतंय का ओ?" आणि ते सांगत होते, "उडवणारा आला की उडंल." दर सोमवारी उपास आणि दर अमावास्येला बॅटरी चार्ज, हा नेम त्यांनी चुकवला नव्हता. मागं एका स्थळानं पात्याला बोट लावलं, तर त्याला चहा न देता एसटीत बसवलं होतं.

"मग झालंच की!" सिद्धाप्पा म्हणाले. "पुढच्या महिन्यात, यार्ड बंद असंल त्या दिवशी. उडवायचं, फिरवायचं, उतरवायचं. केलंत तर पोरगी तुमची. सगळ्या यार्डासमोर शब्द देतो."

"आणि पोरीला विचारायचं?" दारातून भुवनेश्वरी म्हणाली.

"तुझं काय म्हणणं हाय?"

तिनं गुरुशांतकडे पाहिलं. "मला चालतंय. पण त्यांना उडवता येतंय का बघा आधी. चेहरा पांढरा पडलाय त्यांचा."

सोलापुरात विजापूर वेशीजवळ सोहेबचं मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. तो गुरुशांतचा शाळेपासूनचा मित्र. सगळं ऐकून त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर आदरानं बाजूला ठेवला.

"ड्रोन बोलनेका ना बे. ड्रोन हात सोडला तरी हवेत थांबतंय. हेलिकॉप्टर हात सोडला की जमिनीत."

"शोकेसमध्ये ड्रोन नव्हता."

"शोकेसमध्ये गणपती होता की. आरती येती म्हणायचं."

हा मुद्दा बिनतोड होता, पण उशिरा आला होता. पाडून पाडून शिकायचं तर हेलिकॉप्टर एकच, आणि तेही सासऱ्यांचं. मग उरला सिम्युलेटर. म्हणजे पडद्यावरचं हेलिकॉप्टर. ते कितीही आपटा, स्पेसबार दाबला की परत हिरवळीवर उभं, अंगावर ओरखडाही नाही. गुरुशांतला ही सोय इतकी आवडली, की आयुष्यातले पोह्यांचे सगळे कार्यक्रम तो मनातल्या मनात स्पेसबारसकट पुन्हा जगून आला.

पण कुठला घ्यायचा?

पहिला फोनवरचा, फुकट. त्यात काचेवर अंगठे घासून उडवायचं. हेलिकॉप्टर जेमतेम उचललं की आई नागव्वाचा फोन यायचा, "येताना कोथमीर आण," आणि विमान-अपघाताचं कारण कोथिंबीर असं व्हायचं. दुसरा परदेशी, सोबत खराखुरा रिमोट. त्याची किंमत वाचून गुरुशांतनं लॅपटॉप दोन्ही हातांनी, सौजन्यानं मिटला. जाणकारांचा सल्ला एकच होता: ज्या रिमोटनं उडवणार, तोच केबलनं लॅपटॉपला जोडा, यापेक्षा स्वस्त आणि मस्त काही नाही. सल्ला उत्तम होता. फक्त तो रिमोट वैरागला कुलपात होता, आणि "मामा, रिमोट द्या, शिकायचंय," असं म्हणणं म्हणजे नवरदेवानं वरातीतच घोड्यावर बसायला शिकण्यासारखं होतं.

शेवटी सोहेबनं एक जोडी शोधून काढली. सिम्युलेटर फुकटातला, आणि त्याला लागणारा, नुसता लॅपटॉपला जोडायचा, खोटा रिमोट. हा रिमोट दोन प्रकारात मिळत होता. मोड एक आणि मोड दोन. मोड एक बराच स्वस्त होता.

"फरक काय रे?" गुरुशांतनं विचारलं.

सोहेबनं विचार केला. तो विचार करतो तेव्हा गिऱ्हाइकानं घाबरायचं असतं, हे गुरुशांतला माहीत होतं, पण त्याचं लक्ष किमतीवर होतं.

"एक म्हंजे शिकनेवालों का. दोन म्हंजे पुढचा. बालवाडीतून उठून कुणी सीधा दुसरीत बसतंय का?"

इतकं शैक्षणिक उत्तर मिळाल्यावर शंका घेणं बरं दिसलं नसतं. मोड एक आला.

मग गुरुशांतच्या घरात विमान-अपघातांचा हंगाम सुरू झाला. कारखान्यातून आल्यावर हातपाय धुवायचे आणि हेलिकॉप्टर पाडायचं. हिरवळीवर पाडलं, तळ्यात पाडलं, पडद्यावरच्या एका शांत गोऱ्या माणसावर इतक्यांदा पाडलं की त्याची ओळख झाल्यासारखी वाटू लागली. नागव्वा मागे बसून शेंगा फोडायची आणि प्रत्येक अपघाताला म्हणायची, "अय्यो शिवा! माणसं होती काय रं आत?"

"माणसं नसतात गं आत."

"मग एवढा घाम कशाला आलाय तुला?"

नागव्वानं उठून लॅपटॉपला विभूतीची तीन बोटं ओढली. त्यानंतर पंखा थोडा कमी आवाज करू लागला, हे मान्य करावं लागेल.

सगळ्यात मोठी भीती होती ती तोंडाची. हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे असेल तोवर सगळं गोडीगुलाबीनं चालतं. पण त्यानं वळून आपल्याकडे तोंड केलं, की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं आणि सावरायला जावं तसं ते आणखी तिकडेच पडतं. गुरुशांत हे इतकं घोकत होता की समोरून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीशी त्याचं बिनसू लागलं. सात रस्ता चौकात समोरून स्कूटर आली की तो तिच्याच बाजूला वळायचा. कारखान्याच्या मालकांनी हात पुढे केला तर यानं दुसराच दिला. झोपेत अंगठे हलायचे. "उद्या वैरागला पडलं तर?" हा प्रश्न मात्र कुठल्याच बाजूला वळवता येत नव्हता. हेलिकॉप्टर गेलं तर भरून देता येईल. मिरचीबद्दल सांगणारी दुसरी कुठून आणणार?

तरीही तो शिकला. महिना संपता संपता त्याचं हेलिकॉप्टर तोंड वळवूनही हवेत स्थिर राहू लागलं. गोरा माणूस वाचला. नागव्वानं शेंगा फोडायचं थांबवून पडद्याला हात जोडले.

वैरागला निघायच्या आदल्या संध्याकाळी भुवनेश्वरीचा फोन आला. ती तिथल्या सेतू केंद्रात बसून लोकांचे अर्ज लिहायची, त्यामुळे बोलायचीही मुद्द्याचं.

"खरं सांगा, येतंय ना?"

"आता येतंय," गुरुशांत म्हणाला. त्यातला 'आता' तिनं ऐकला, पण नोंदवला नाही.

"रिमोटचा फोटो पाठवते. बाबांनी धूळ पुसायला बाहेर काढलाय."

फोटो आला. गुरुशांतनं तो मोठा केला, मग छोटा केला, मग फोन फिरवून पाहिला. वर-खाली नेणारी दांडी डावीकडे होती. महिनाभर ज्याच्यावर त्याचे हात तयार झाले होते त्या मोड एकमध्ये ती उजवीकडे होती, आणि डावीकडची दांडी पुढे-मागे नेत होती. पहिली आणि दुसरीत एवढाच फरक होता.

त्यानं सोहेबला फोन लावला.

"उलटा पकड," सोहेब म्हणाला.

"उलटा पकडला तर खाली म्हणजे वर होईल."

"तो फिर दुवा करतो मैं," असं म्हणून सोहेबनं गिऱ्हाईक आल्याचा आवाज काढला.

दुसऱ्या दिवशी एसटीत गुरुशांत दोन्ही मुठींत अंगठे नाचवत पुटपुटत होता, "डावा वर-खाली, उजवा पुढं-मागं." कंडक्टरनं तिकीट देताना हळू आवाजात विचारलं, "दवाखान्यात चाललाय काय?"

यार्डात माणूस मावत नव्हता. अडते, हमाल, त्यांच्या घरची मंडळी, आणि एक जण नुसता भाव विचारायला आलेला. सिद्धाप्पा नवी टोपी घालून पुढे उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी रिमोट दिला.

"उडवा की, पावणं."

डावा अंगठा वर. हेलिकॉप्टर उचललं. उजवा जरा पुढं. हेलिकॉप्टर पुढं गेलं, थांबलं, हवेत तरंगत राहिलं. शेपटी गुरुशांतकडे, सगळं गोडीगुलाबीत. सिद्धाप्पांच्या इतक्या दिवसांच्या अमावास्या फळाला आल्या होत्या.

आणि यार्डानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांनी गुरुशांतचं पाठांतर पुसलं. आता सावकाश खाली घेऊ, असं त्याच्या डोक्यानं म्हटलं, आणि महिनाभर शिकलेल्या उजव्या अंगठ्यानं दांडी मागं ओढली. हेलिकॉप्टर खाली नाही आलं, मागं आलं. थेट नव्या टोपीवर. "पुढं जा, पुढं!" म्हणत त्यानं डावी दांडी ढकलली, तर ते सिद्धाप्पांच्या डोक्यावरून जे उठलं ते शेडच्या पत्र्याच्याही वर. "खाली, खाली!" उजवी मागं. हेलिकॉप्टर उलट्या पावलांनी अख्ख्या यार्डावरून पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे निघालं. गुरुशांत गर्रकन वळला. आता हेलिकॉप्टरचं तोंड त्याच्याकडे होतं.

डावं कुठलं, उजवं कुठलं, मोड कुठला, काहीच उरलं नाही. त्याच्या बोटांनी रिमोटवर स्पेसबार शोधला. तो नव्हता.

"डावा!" गर्दीतून भुवनेश्वरी ओरडली. आदल्या संध्याकाळी रिमोट पुसताना तिनं त्यावरची बारीक अक्षरं वाचून ठेवली होती. "डावा खाली घ्या! हळू!"

त्यानं डोळे मिटून डावा अंगठा हळूहळू खाली घेतला. घरघर कमी होत गेली. टाकीवर बसलेला कावळा उठला, शिव्या देत गेला.

हेलिकॉप्टर टाकीच्या स्लॅबवर, बरोबर मधोमध, उभं होतं. खालून फक्त लाल शेपटी दिसत होती.

सिद्धाप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"उडवलंत," ते म्हणाले. "फिरवलंत पण. उतरवलं कुटं?"

"उतरलंय, मामा," गुरुशांत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्यांना तोंडावर मामा म्हटलं. "फक्त वर उतरलंय."

"वर कसं उतरंल?"

यावर यार्डात दोन पक्ष पडले. एक हमाल म्हणाला, पोतं ट्रकवर टाकलं तर उतरवलं म्हणत न्हाईत, चढवलं म्हणतात. एक अडते म्हणाले, पंखा थांबला म्हणजे उतरलं, जागा कुठली का असेना. परत उडवून आणावं तर बॅटरी संपलेली, आणि टाकीची शिडी खालून गंजून गळालेली. वर जायचं तर पायऱ्या हव्यात, आणि त्या गेली कित्येक वर्षं मंजूर होत होत्या.

सिद्धाप्पा हैराण झाले. पोरगा त्यांना आवडला होता. मामा म्हटल्यावर तर जास्तच. पण शब्द सगळ्या यार्डासमोर दिलेला. "मी उतरलं म्हनलो तर उद्या माझ्या काट्यावर कोन इश्वास ठेवंल? दुसऱ्या कुनीतरी म्हनलं पायजे. शिक्क्यानिशी."

"दाखला आणला तर?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"कसला दाखला?"

"उतरल्याचा."

सिद्धाप्पांनी टाकीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, रिमोट अजून छातीशी धरून उभ्या गुरुशांतकडे बघितलं. शिक्का असलेल्या कागदाला त्यांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं.

"आणा," ते म्हणाले. "दाखला आला की त्याच दिवशी सुपारी फोडू."

भुवनेश्वरीनं तिथंच पोत्यावर बसून अर्ज लिहिला. गुरुशांत शेजारी उभा राहून टाकीकडे बघत होता. वारा सुटला की शेपटी हलायची, आणि शेपटी हलली की त्याचा डावा अंगठा आपोआप खाली जायचा.

"देतील का गं?" त्यानं विचारलं.

"वाचा आधी," ती म्हणाली. "खाली सही करा. डाव्या बाजूला."

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
(हा विषय ज्यांच्या अखत्यारीत येत असेल ते)

विषय : हेलिकॉप्टर उतरल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराने उडविलेले लाल रंगाचे हेलिकॉप्टर मौजे वैराग येथील पाण्याच्या टाकीवर सुस्थितीत उतरलेले आहे. तथापि, ते जमिनीवर नसल्याच्या तांत्रिक कारणास्तव अर्जदाराचा विवाह प्रलंबित आहे. तरी प्रत्यक्ष पाहणी करून (शिडी कृपया सोबत आणावी) सदर टाकीचा स्लॅब हा उड्डाणाच्या दिवसापुरता, पूर्वलक्षी प्रभावाने, जमीन म्हणून घोषित करण्यात यावा, ही नम्र विनंती.