खोटारडी

"जेवण कुठे टाकलंस? खरं सांग!"

लेक बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. ओठ पांढरेफटक, कपाळ घामाने ओलं. आईने साखरेच्या पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. आठवड्यातली ही तिसरी खेप. नऊ वर्षांच्या पोरीला तीन वर्षांपासून मधुमेह. जेवणाच्या बेताने इन्सुलिन टोचायचं, आणि जेवणच पोटात गेलं नाही तर साखर कोसळणारच. आई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. कागदावरच्या आकड्यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा.

"सगळं जेवले गं मी," थोड्या वेळाने लेक पुटपुटली.

"खोटारडी!" आईचा हात उठला. गालावर बोटं उमटली. लेक रडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला भिंतीपाशी उभं करून मापलं. "वर्षभरात बोटभरही वाढली नाही ही. पोट दुखतं का गं?"

"रोज. पण आईला वाटतं, शाळा बुडवायचीय."

आईने मान खाली घातली.

"सिलिअ‍ॅक तपासायला हवा," बाई म्हणाल्या. "गव्हातल्या ग्लुटेनचं निमित्त होतं आणि शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लहानपणीचा मधुमेहही असाच, शरीर आपल्यावरच उलटल्याने होतो; त्या मुलांत हा जास्त सापडतो. शरीर एकदा आपल्याच माणसांवर उठलं, की एवढ्यावर थांबेलच असं नाही. थायरॉइडही बहुधा त्याच जातीचा. घरात कुणाला आहे?"

"मलाच. हिच्या जन्मापासून गोळ्या चालू आहेत."

"मग तुमचंही रक्त द्या."

प्रयोगशाळेतली सोबतीण म्हणाली, "तू बस, मी लावते नमुने." पण आई बसली नाही. यंत्रापुढे उभी राहिली, हात छातीशी घट्ट बांधून. लेकीचा सिलिअ‍ॅकचा आकडा आला: मर्यादेच्या बारा पट. तिने नमुना पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिचं स्वतःचं रक्त मात्र स्वच्छ निघालं. तेही तिला टोचलं; निदान दुखणं तरी वाटून घेता आलं असतं.

दुर्बिणीने आतडं तपासून निदान पक्कं झालं, तसा गहू घरातून हद्दपार झाला. त्या संध्याकाळी ती लेकीच्या अंथरुणाशी बसली.

"तू जेवत होतीस."

"हो."

"मी मारलं तुला."

"हो," लेक म्हणाली, आणि कुशीवर वळली.

चार महिन्यांत साखर ताळ्यावर आली, फ्रॉक आखूड झाला. घरात हसणंबोलणंही सुरू झालं. एका दुपारी दोघी भात जेवत होत्या. लेकीने शेवटचा घास गिळला आणि कुणी विचारलेलं नसताना तोंड मोठ्ठं उघडून आईपुढे धरलं. जीभ वर केली, दोन्ही गाल बोटांनी ताणून दाखवले.

"मिट गं ते," आई कशीबशी म्हणाली.

लेकीने तोंड मिटलं. आईच्या हातातला घास तसाच राहिला.