मोकळा रकाना

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, बेडकाच्या बरणीच्या कपाटाला टेकून एक जुना, पिवळट पडलेला संगणक ठेवला आहे. त्याच्यावर कोणीतरी कर्कटकाने 'नादुरुस्त' असं कोरलं आहे. तो मी. नादुरुस्त मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या तारखेला दोन हजार साल समजत नाही, एवढाच माझा गुन्हा. येत्या एक जानेवारीला मी गोंधळ घालीन म्हणून साताऱ्याच्या कार्यालयाने मला काढलं आणि सांगलीला तुमच्या पदरात टाकलं. इथे माझी वायरसुद्धा कोणी भिंतीत खोचत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो १९९६ सालचा एप्रिल महिना. जिल्ह्यातल्या पावसाचे आकडे गोळा करणारं साताऱ्याचं ते एक लहानसं सरकारी कार्यालय होतं. मला खोक्यातून बाहेर काढलं राजरत्नने. मुंबईच्या ज्या कंपनीने मला विकलं, तिचा तो तंत्रज्ञ. माणूस मात्र माण तालुक्यातला. उंब्रजचे अर्जुना शिपाई माझी पूजा करायला पुढे आले, तसा तो घाईघाईने म्हणाला, "आवं मामा, कुंकू बटनांवर नगं. आत गेलं तर बंद पडंल."

"मग कुटं लावू?"

"हितं, कपाळाला लावा." असं म्हणून त्याने माझ्या पडद्याच्या वरची कड दाखवली. तेव्हापासून मला कपाळ आहे.

माझं काम सोपं होतं. पडद्यावर आडव्या ओळीत गावं आणि उभ्या रकान्यात दिवस. सकाळी साडेआठला गावोगावी पाऊस मोजायचा आणि तो आकडा माझ्यात भरायचा. भरणाऱ्या सुहासिनीबाई, मूळच्या सांगलीच्या. राजरत्नने त्यांना आठवडाभर शिकवलं. शिकवता शिकवता तो एका ओळीवर थांबला आणि बोट ठेवून म्हणाला, "ही माझी आई."

अर्जुनामामा चष्मा वर करून वाकले. "गड्या, हितं तर निस्ता आकडा हाय."

मग त्याने सांगितलं. त्यांच्या वस्तीबाहेर पाऊस मोजायचं सरकारी भांडं आहे आणि ते मोजायचं काम त्याच्या आईकडे, अंजनाबाईंकडे आहे. पाऊस असो वा नसो, त्या रोज भांडं उघडतात, चिठ्ठी लिहितात आणि सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतात. दहिवडीला नाथाजी नावाचे कारकून सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून फोनवर साताऱ्याला वाचून दाखवतात. वस्तीवर फोन नव्हता. मुंबईहून पत्र पोचायला चार-पाच दिवस लागत.

जाताना तो सुहासिनीबाईंना एक गोष्ट बजावून गेला. "बाई, शून्य लिहिलं म्हणजे माणसानं बघितलं आणि पाऊस नव्हता. मोकळं ठेवलं म्हणजे कुणी बघितलंच नाही. ह्या दोन्हीत लय अंतर हाय." बाईंनी मान डोलावली. हे वाक्य त्यांच्याइतकंच मीही जपून ठेवलं.

माझ्या शेजारी मॉडेम नावाची एक डबी होती. ती टेलिफोनच्या तारेला जोडलेली असे आणि तिच्यातून वरच्या कार्यालयाला दुरून माझे आकडे वाचता येत. त्यासाठी एक परवलीचा शब्द लागे. तो राजरत्ननेच घालून दिला आणि चिठ्ठीवर लिहून माझ्या बुडाला चिकटवला. सरकारी कार्यालयात एकदा चिकटवलेली चिठ्ठी सहसा निघत नाही.

आणि मग, मित्रांनो, ते सुरू झालं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, सगळे डबा उघडून बसले की डबी शिट्टी घालायची आणि राजरत्न मुंबईहून माझ्यात यायचा. चोरून यायचा, हे खरं आहे. पण तो कशाला हात लावत नसे. फक्त एक ओळ उघडायचा. ०.० दिसलं की जायचा. माणमध्ये पाऊस आधीच कमी, त्यामुळे बहुतेक दिवशी शून्यच असे. पण त्या शून्याचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता. आई आज उठली, भांड्यापर्यंत चालत गेली, डोळ्यांना दिसतंय, हात चालतोय. दिवसभर लोक मला पाऊस विचारायचे. माणूस विचारणारा तो एकटाच होता आणि मी त्याची वाट पाहायचो. एखाद्या दिवशी तार खराब असली तर मला करमत नसे.

जवळजवळ दीड वर्ष असं गेलं. १९९७च्या ऑगस्टमध्ये वाईचे सुमंतसाहेब बदलून आले. माणूस हुशार आणि शिस्तीचा. त्यांनी माझ्या नोंदी चाळल्या आणि रोज एक-दहाला कोणी परका आत येतो, हे त्यांना दिसलं. त्यांचा चेहरा उतरला. लगेच दार लावून बैठक झाली.

"पावसाच्या आकड्यांवर कोणाचा डोळा असेल?" साहेब येरझाऱ्या घालत म्हणाले. "कोणाला पाऊस कमी दाखवून दुष्काळ जाहीर करून घ्यायचा असेल. कोणाला जास्त दाखवून टँकर बंद पाडायचे असतील. पाटणकडचे आकडे बदलले तर धरणाच्या पाण्याचा अंदाज चुकेल, खालच्या गावांचं काय होईल? किंवा एखादा नुसता गंमत म्हणून खेळत असेल. आपल्यावरचा विश्वास उडाला की झालं."

साहेबांचं एकही म्हणणं वेडगळ नव्हतं. असे लोक असतात. अर्जुनामामांनी मात्र विचारलं, "पर सायेब, चोरानं न्हेलं काय?"

"अजून काही नाही."

"मग बदाललं काय?"

"काहीच नाही. म्हणून तर भीती वाटते."

मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं, की साहेब, हे पोरगं आईला बघायला येतंय हो! पण मला तोंड नव्हतं. मला फक्त पडदा होता आणि त्यावर दुसऱ्यांनी लिहिलेलंच उमटत असे.

साहेबांनी ठरवलं, की चोर सापडेपर्यंत त्याला संशय येऊ द्यायचा नाही. परवलीचा शब्द तसाच ठेवायचा. आणि एक सक्त हुकूम निघाला: "एकही रकाना मोकळा राहता कामा नये. मोकळा रकाना म्हणजे चोराला खोटा आकडा घालायला आयती जागा."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाथाजींचा फोन आला. त्यांचा आवाज असा, की खोलीभर ऐकू येई. "बाई, त्या वस्तीची चिठ्ठी आज आली न्हाई."

सुहासिनीबाईंचा हात थांबला. हुकूम डोळ्यांसमोर होता. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "माणमध्ये कुठला आलाय पाऊस!" आणि त्यांनी ०.० लिहिलं.

एक-दहाला राजरत्न आला. शून्य पाहिलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशीही चिठ्ठी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नाथाजींनी विचारलं, "बाई, कुणाला बघाया धाडू का?" बाई म्हणाल्या, "कंडक्टर विसरत असेल हो. येईल उद्या." रोज शून्य लिहिलं गेलं आणि रोज ते माझ्याच पडद्यावर उमटलं. रोज तो आला, शून्य पाहून निवांत झाला आणि गेला. असे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी बंद पडलो असतो तर किती बरं झालं असतं. पण नेमका तेव्हा मी ठणठणीत होतो.

दहाव्या दिवशी डबी वाजली नाही. त्यानंतरही वाजली नाही. साहेब म्हणाले, "सावध झाला वाटतं."

आठवडा उलटला आणि एका सकाळी राजरत्न स्वतःच दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. हातात घडी घातलेली चिठ्ठी. ती त्याने बाईंसमोर ठेवली.

"एकतीस पूर्णांक चार मिलिमीटर," तो म्हणाला. "नऊ दिवसांचा एकत्र पाऊस. आईला पोचवून आल्यावर भांडं उघडलं. आतल्या बाटलीत पानी हुतं. तुमच्याकडं त्या दिवसांत शून्य लिवलंय."

साहेब खुर्चीतून उठले. "आमच्याकडे काय लिहिलंय, ते तुम्हाला काय ठाऊक?"

"रोज एक-दहाला येणारा मीच सायेब."

"कशासाठी?"

"आई उठली का, एवढंच बघायला."

 मग तो हळूहळू सांगू लागला. आईला ताप भरला होता. शेजारच्या बनाबाईंनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, पोराला तार करू का? "आई म्हनाली, नगं. चिठ्ठी गेली न्हाई की सातारला माझा रकाना मोकळा ऱ्हातोय. राजा रोज बघतो, त्यानंच मला सांगितलंय. त्यो निगाला आसंल. खाट दाराकडं फिरवून घेतली आन नऊ दिवस रस्त्याकडं बघत ऱ्हायली. शेवटाला बनाबाईनं न इचारता तार केली. मी पोचलो तवा सगळं झालं हुतं. आन हिकडं मी रोज शून्य बघून डबा खात हुतो."

"ते शून्य मी लिहिलं," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"मी लिहायला लावलं," साहेब म्हणाले.

साहेबांच्या टेबलावर पोलिसांना द्यायची तक्रार टाइप होऊन पडली होती. ती त्यांनी खणात सरकवली आणि नंतर कधी बाहेर काढली नाही. राजरत्नने माझ्या बुडाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. "नवा शब्द तुमीच घाला बाई. मी बघत न्हाई." असं म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. शब्द घालून झाला. जाताना त्याने माझ्या कपाळावर, जिथे अर्जुनामामांचं कुंकू होतं तिथे, तळहात ठेवला. मग तो गेला. तो पुन्हा मला दिसला नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी ती नऊ शून्यं एकेक करून पुसली. आठ रकाने मोकळे ठेवले. शेवटच्यात ३१.४ लिहिलं आणि शेजारी 'एकत्र' असं नोंदवलं. नवा परवलीचा शब्द पुढे कोणाला फोडता आला नाही. कुलूप चांगलं होतं आणि असायलाच हवं. पण मला फसवलं ते बाहेरून आलेल्या कोणी नाही, हे मी विसरू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्या मधल्या सुट्टीची घंटा एक वाजून दहा मिनिटांनी होते. तुम्ही डबे घेऊन पळता आणि मला वाटतं, आता डबी वाजेल. ती वाजणार नाही, हे मलाही कळतं. तरी वाट पाहायची सवय काही जात नाही. मला पुन्हा सुरू करा, असं माझं म्हणणं नाही. माझ्यावरची धूळही राहू द्या. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी बसून कोणाचे तरी आकडे भराल. तेव्हा जे पाहिलं तेच लिहा आणि पाहिलं नसेल तर रकाना मोकळा ठेवा. त्या मोकळ्या जागेकडे पाहून कोणीतरी घरी यायला निघणार असतं.