पोचल्याची खूण

सासऱ्यांच्या साइटवर महिनाभरात कुणाला साधं खरचटलंही नाही, ही गोष्ट सुनेच्या पचनी पडेना.

ती बांधकाम कंपनीच्या मुख्य कार्यालयात सॉफ्टवेअरचं काम करी. कुठल्याही साइटवर कुणी घसरलं, वरून काही पडलं, कुणी थोडक्यात वाचलं, की तिथल्या फोरमनने मोबाइलवर नोंद करायची. ती नोंद उचलून मुख्य कार्यालयाच्या यंत्रणेत नेऊन ठेवणारा दुवा तिने लिहिला होता. ऑफिसात त्याला एपीआय म्हणत. घरी सासरे ‘तुझा पोस्टमन’ म्हणत. सासरे स्वतः कंपनीच्या एका साइटचे फोरमन. नवरा नोकरीपायी परगावी, त्यामुळे घरात सासरे, सासूबाई आणि ती, अशी तीनच माणसं.

पूर्वी या पोस्टमनची वेगळी तक्रार होती. साइटवर रेंज धड नसे, त्यामुळे मोबाइल एकच नोंद पुन्हा पुन्हा पाठवत राही. एक हातोडा पडला तर कार्यालयात वाटे, हातोड्यांचा पाऊस पडतोय. म्हणून तिने एक चाळणी बसवली. मोबाइल तोच, ठिकाण तेच, प्रकार तोच आणि आधीच्या नोंदीची चौकशी अजून चालू असेल, तर नवी नोंद म्हणजे जुनीचीच पुनरावृत्ती समजायची आणि सोडून द्यायची. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. गोंगाट थांबला.

सासऱ्यांच्या साइटवर मात्र अगदीच सामसूम झाली.

संशय काही दार वाजवून येत नाही. तो घरच्यासारखा येतो, चप्पल काढतो, आपल्याच ताटाशेजारी बसतो. सासरे संध्याकाळी आले की सुनेची नजर आधी त्यांच्या हातांवर जाई. एकदा शर्टाच्या खिशातून बँडेजचं टोक डोकावलं. एकदा ते गॅलरीत जाऊन फोनवर दबक्या आवाजात म्हणाले, “त्याला आज बसवून ठेव, वर चढू देऊ नकोस,” आणि ती दिसताच त्यांनी फोन ठेवून दिला. परवा हेल्मेटला पोचा आलेला.

“पोचा कसला हो बाबा?” तिने जेवताना विचारलं.

“तुझ्या पोस्टमनला विचार. पत्र टाकलंय त्याच्याकडे.”

“आलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?”

“मग वाटेत कुणीतरी दाबून ठेवलं असेल.”

“कुणीतरी म्हणजे?”

“माझं एवढं डोकं कुठे? मी आपला विटा मोजणारा माणूस.”

“ऑफिस बाहेर ठेवून या बघू दोघं,” सासूबाई म्हणाल्या. “ताटात सिमेंट पडतंय.”

मशीनने नोंद खाल्ली, हे कारण सुनेने प्रत्येक साइटकडून ऐकलं होतं. ज्यांना अपघात लपवायचे असतात ते हेच सांगतात. आपल्या घरातलं माणूसही तसंच निघालं, याचं तिला वाईट वाटलं. त्यापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं, की त्यांच्या तोंडावर विचारायचं धाडस होत नव्हतं.

सासऱ्यांच्याही मनात हेच चाललं होतं, फक्त उलट बाजूने. त्या रात्री भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. “नोंदी गाळते ती. माझी लाज राखायला की मला घरी बसवायला, तेवढं कळत नाही.” सासूबाईंचं उत्तर ऐकू आलं नाही.

आणि आता प्रश्न लाज राखण्याचा उरलाच नव्हता. कंपनीकडे पडणाऱ्या माणसाला आणि सामानाला झेलणाऱ्या मोठ्या जाळ्या मोजक्याच. जिथे नोंदी जास्त, तिथे जाळी. सासऱ्यांच्या इमारतीची पूर्वेकडची जाळी काढून दुसऱ्या साइटला न्यायची, असा हुकूम निघाला. ‘शांत साइट’ असा शेरा होता त्यावर. जाळी गेली, तर त्या उंचीवर काम करणाऱ्यांच्या आणि खाली माल कालवणाऱ्यांच्या मध्ये हवेशिवाय काही उरणार नव्हतं.

जाळी निघायच्या दिवशी सकाळी सून रेंज तपासायच्या निमित्ताने साइटवर गेली. सासऱ्यांना आधी कळवलं नव्हतं. रंगेहाथ पकडायचं, असंच मनात होतं.

“झडती का?” पत्र्याच्या केबिनच्या दारात सासरे उभे होते. “या, या. नकाशाखाली बघा, मग पंख्यामागे बघा.”

“बाबा, मी कामाला आले आहे.”

“मीही इथे हवा खायला येत नाही.”

एवढ्यात पूर्वेकडून ओरडा झाला. वर नळजोडणी करणाऱ्याच्या हातून भला मोठा पाना सुटला आणि गरगरत येऊन जाळीत पडला. जाळी झोके घेत राहिली. बरोबर तिच्याखाली घमेलं धरून उभी असलेली बाई वर बघत राहिली, मग मटकन खाली बसली. सासरे आधी तिच्याकडे धावले. तिला पाणी दिलं, भिंतीला टेकवलं, वरच्याला शिव्या हासडल्या आणि मग हातमोज्यासकट खिशातून मोबाइल काढून त्यावर बोट आपटलं, झालेलं सगळं त्याला बोलून सांगितलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. नोंद पोचली.

“बघितलंस ना? साक्षीदार आहेस तू.”

सुनेने केबिनमध्ये लॅपटॉप उघडला. नोंद आली नव्हती. तिने थोडा वेळ जाऊ दिला. पुन्हा पाहिलं. नाहीच. सासऱ्यांनी तर तिच्या डोळ्यांदेखत पाठवली होती, हिरवी खूणही झाली होती. आणि ती हिरवी खूण कुणाची? तिचीच. मोबाइलने पुन्हा पुन्हा पाठवू नये म्हणून, सोडून दिलेल्या नोंदीलाही ‘पोचली’ असं उत्तर द्यायला तिनेच सांगून ठेवलं होतं.

ती सासऱ्यांकडे वळली.

“बाबा, पाना पूर्वेला पडला. तुम्ही ठिकाण काय टाकलंत?”

“जिना.”

“जिना?”

“यादीत पहिलं तेच येतं. पूर्वेची कड पार तळाला. हातमोजे घालून खाली सरकवत बसलो, तर तोवर दुसरा पाना पडायचा. आत सगळं सविस्तर बोलून सांगतो की.”

“प्रत्येक वेळी जिनाच? आणि प्रकार?”

“प्रत्येक वेळी. प्रकारही यादीतला पहिलाच, ‘थोडक्यात वाचलं’.”

“आतलं तो वाचत नाही, बाबा. जिन्यावर मागे कुणीतरी थोडक्यात वाचलं होतं, त्याची चौकशी अजून उघडी आहे. त्यानंतरचं तुमचं सगळं त्याने जुनंच समजून सोडून दिलं.”

सासऱ्यांनी हातमोजे काढले. “म्हणजे पाकिटाचा रंग बघून पत्रं फेकतो? आणि वर मला सांगतो, पोचली म्हणून?”

“हो.”

“आणि त्याला हे शिकवलं कुणी?”

“मी.”

बाहेर टेम्पो येऊन थांबला होता. जाळ्या बांधणारा मिस्त्री इतका काटकुळा, की सगळे त्याला सुतळी म्हणत. तो वर चढून गाठी सोडायलाही लागला होता. सासऱ्यांनी शिट्टी फुंकली आणि पूर्वेकडची सगळी माणसं खाली उतरवली.

“फोरमनसाहेब, माझ्याकडे हुकमाचा कागद आहे!” सुतळी वरून ओरडला.

“मग तोच खाली धर आणि त्याच्यावर उडी मारून दाखव!”

सुनेने सुरक्षा विभागाच्या मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

“म्हणजे,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांची जाळी निघते, त्याच दिवशी तुला त्यांच्या हरवलेल्या नोंदी सापडतात.”

“हो मॅडम. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मलाही संशय आला असता.”

“तुम्ही एका घरात राहता.”

“म्हणून तर महिनाभर मी त्यांच्याकडे चोरासारखं बघत होते.”

“आता दोघांनी मिळून ठरवलं नाही कशावरून?”

आपल्या शब्दाला आज या फोनवर काडीची किंमत नाही, हे तिला दिसत होतं. केबिनच्या दारातून सुतळीचे हात दिसत होते. जाळीचा एक कोपरा सुटून लोंबत होता.

“माझ्यावर विश्वास ठेवूच नका,” ती म्हणाली. “त्यांच्यावरही नको. तुमच्या टेबलावर चाचणीचा मोबाइल आहे. त्यावरून ‘जिना’ आणि ‘थोडक्यात वाचलं’ निवडून दोन अगदी वेगळ्या घटना पाठवा. एकात विळा पडला म्हणा, दुसऱ्यात हत्ती. किती पोचतात ते तुम्हीच मोजा.”

फोन चालू होता. पलीकडे खुर्ची सरकली, बटणांचा टकटक आवाज आला. सासरे दारात येऊन उभे राहिले.

“हत्ती आला नाही,” अखेर मॅडम म्हणाल्या. “मोबाइल मात्र म्हणतो, आला.” मग त्यांचा आवाज बदलला. “बाकीच्या साइट?”

“त्यांच्याही नोंदी गळल्या असणार. सगळ्यांची यादी जिन्यापासूनच सुरू होते.”

“जाळी आहे तिथे राहू दे. ती जिथे जाणार होती, त्या साइटलाही उंचावरचं काम थांबवायला सांगते. बाहेरचा माणूस पाठवते तपासायला, तू हात लावायचा नाहीस. आणि या चुकीबद्दलच्या अहवालात तुझं नाव येईल, कळतंय ना?”

“येऊ दे. माझीच चूक आहे.”

सुतळीने कुरकुरत सोडलेल्या गाठी पुन्हा बांधायला घेतल्या. दोरी परत ओवली जाईपर्यंत कुणाला वर जाऊ द्यायचं नाही, असं सासऱ्यांनी बजावलं. घमेलंवाली बाई अजून भिंतीला टेकूनच होती. कुणीतरी तिच्यासाठी चहा आणला होता.

सून केबिनच्या पायरीवर बसली. सासरे शेजारी उभेच राहिले.

“मी तुझ्या सासूला म्हणालो होतो, पोरगी मला घरी बसवायला निघाली आहे.”

“ऐकलं होतं मी. भिंत पातळ आहे. पण आई काय म्हणाल्या, ते नाही ऐकू आलं.”

“काही म्हणालीच नाही. पाठ फिरवली. अजून नीट बोलत नाही माझ्याशी.” त्यांनी हेल्मेट काढून डोकं खाजवलं. “आज घरी जाऊन तूच सांग तिला. माझ्या तोंडून तिला पटणार नाही.”

“मी काय सांगू? माझाच अपराध.”

“दोघांचा सांग. अर्धा जिना माझा.”

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाने आज त्या बाईला वाचवलं होतं, आणि त्या कामी त्याला फक्त एक जाळी मिळाली होती.

“तो तपासणीस आला, की माझी बाजू घेऊ नकोस,” सासरे म्हणाले.

“नाही घेणार. तुम्हीही माझी घेऊ नका.”

“मी कशाला घेतो?” त्यांनी हेल्मेट घातलं, केबिनमधला पंखा ओढून तिच्याकडे वळवला आणि सुतळीने बांधलेली एकेक गाठ स्वतःच्या हाताने ओढून बघायला वर निघून गेले.