कदाचित एक व्यक्ती

बटण. बटण. बटण. चित्र. बटण.

सगळे जिथे फोटो टाकतात त्या कंपनीचं ॲप उघडलं की माझा फोन एवढंच बोलतो. मला दिसत नाही, जन्मापासूनच. पडद्यावर जे असेल ते फोन मला वाचून दाखवतो. पण ज्या बटणांना नाव द्यायचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत, त्यांचं तो बिचारा काय वाचणार? एक दाबलं तर भलत्याच गृहस्थांना लाल बदाम गेला. दुसरं दाबलं तर माझं पुटपुटणं थेट जगभर ऐकू जायला लागलं. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर मी एका कानाने वॉर्ड आणि दुसऱ्या कानाने नातेवाईक सांभाळते, आणि हे एक ॲप मला रडकुंडीला आणतं. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

म्हणून माझ्यासारखे बरेच जण दुसरंच ॲप वापरायचे. कुणा एका माणसाने घरी बसून बनवलेलं. आत माणसं तीच, फोटो तेच, पण प्रत्येक बटणाला नाव. कंपनीच्या ॲपला मी थोरली म्हणायचे आणि याला धाकटी. थोरलीला नटण्यातून सवड नाही, घर चालवायची ती धाकटीच.

धाकटीमुळेच मला 'उसने डोळे' हा गट सापडला. आम्ही तिथे फोटो टाकायचो आणि डोळस मंडळी त्यात काय आहे ते लिहून सांगायची. मी एकच काम घेऊन जायचे, माझ्या मुलाचे फोटो. तो लांबच्या शहरात एका गोदामात कामाला आहे. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले, मी दादा-वहिनींकडे राहते. फोनवर त्याचं ठरलेलं उत्तर असतं, "मजेत आहे गं आई, कामात आहे, नंतर बोलतो." फोटो मात्र टाकत असतो, खाली अक्षर न लिहिता. जगाला दाखवायला टाकतो, त्या जगात आईला धरलेलंच नाही.

वहिनीला विचारलं की ती म्हणते, "छान आलाय हो फोटो." वहिनी मनाने चांगली आहे. पण तिच्या 'छान'वर मी किती दिवस काढायचे?

गटातली एक बाई मात्र वेगळी होती. 'टाचणी' या नावाने लिहायची. खरं नाव मला माहीत नाही. पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली आहे, एवढंच तिने एकदा सांगितलं होतं. ती लिहायची, "ताई, निळा सदरा आहे, कॉलर उसवली आहे, मागे खिडकीत एक कुंडी." पुढच्या खेपेला, "सदरा तोच, पण खांद्यावरून ओघळतोय. बारीक झालाय हो. कुंडीतलं झाड वाळलंय." मग, "हसतोय. पण ताई, फक्त तोंडाने हसतोय." मी हे वाक्य फोनकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. त्याच्या आवाजात मला जे ऐकू येत होतं, तेच तिला दिसत होतं. कुणीतरी माझ्या बाजूने बघतंय, या भावनेनेच मला धीर यायचा.

मग धाकटीच्या त्या माणसाचा निरोप आला. कंपनीने बाहेरच्या ॲपांसाठी दार बंद करायचं ठरवलं होतं. उघडं ठेवण्याचं जे भाडं मागितलं होतं ते त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. महिनाअखेरपर्यंत चालेल, माफ करा. गटात फोन नंबर द्यायचा नाही असा नियम होता, कारण आमच्यातल्या काहींना लबाडांनी फसवलं होतं. तरी मी ठरवलं की धाकटी जायच्या आधी टाचणीचा नंबर घ्यायचाच. महिना संपायला अजून अवकाश होता.

त्याच आठवड्यात मुलाचा नवा फोटो आला. टाचणीने लिहिलं, "ताई, उजव्या मनगटापाशी, बाहीखाली, पट्टी बांधल्यासारखं दिसतंय. मोठं करून नीट बघते आणि संध्याकाळी सांगते. तोवर जिवाला लावून घेऊ नका."

दुपारीच धाकटी बंद पडली. महिनाअखेरीची वाटही कंपनीला बघवली नाही.

थोरलीत शिरायला गेले तर ती म्हणाली, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, ज्या चौकोनांत सायकल आहे ते निवडा. सायकल! ऐकून सिद्ध करायचीही सोय होती. खरखरीत कुणीतरी आकडे पुटपुटत होतं. दिवसभर आकडे ऐकून जोडून देणारी मी, मला एकही आकडा धड कळेना. शेवटी वहिनीने सायकली शोधून दिल्या. त्यावर उत्तर आलं की हे खातं बाहेरच्या ॲपवरून वापरलं गेल्यामुळे यंत्राचं असल्याचा संशय आहे, म्हणून कायमचं बंद केलंय. दाद मागायला एक बटण होतं, वहिनीने ते दाबलं. अजून उत्तर नाही.

वहिनीने नवीन खातं काढून दिलं. गट सापडला, पण आत घ्यायला मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारे सर आमच्यातलेच, धाकटीच वापरणारे. तेही बाहेरच उभे असणार. टाचणी नावाची माणसं तर ढीगभर निघाली. नव्या खात्यावरून अनोळखी माणसाला निरोप जात नाही.

"वहिनी, तो फोटो तरी बघ. उजवं मनगट."

ती बराच वेळ शोधत राहिली. "वन्सं, तसा फोटोच नाहीये. काढून टाकला असेल त्याने. हा दुसरा आहे, खिशात हात घालून उभा आहे. छान हसतोय की!"

मी त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, "मनगटाला काय झालंय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काय झालंय?"

"गोदामात पत्रा लागला, आई. काही नाही." मग हसला. ते हसणंही फक्त तोंडाचं होतं. तेव्हापासून तो फोन उचलत नाही. 'कामात आहे' एवढा निरोप पाठवतो.

दादाच्या मी हातापाया पडले. म्हटलं, जाऊन ये, नाहीतर मला घेऊन चल. तो म्हणाला, "अगं, कालचाच फोटो बघितला मी. हसतोय चांगला. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की जाऊ. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." वहिनीनेही री ओढली. त्यांना दिसतं ना. दिसणाऱ्यांना फोटो पुरतो, त्यापुढे माझं ऐकणं कोण मोजतो? मी एकटी निघाले असते, पण त्याने खोली बदलली आहे, गोदामाचं नाव कधी सांगितलं नाही, आणि नवा पत्ता विचारला की त्याचं 'कामात आहे' येतं.

बोर्डावर दिवसभर आया मला विचारतात, माझा मुलगा कसा आहे? वॉर्डातून आलेलं उत्तर मी पुढे देते, "प्रकृती स्थिर आहे." ते वाक्य किती पोकळ असू शकतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. त्या बाया फोन ठेवत नाहीत, पलीकडे नुसता श्वास चालू असतो.

आज सकाळी त्याचा नवा फोटो आला. थोरली आता फोटो स्वतः ओळखते म्हणे, मोठ्या कौतुकाने जाहीर केलंय कंपनीने. मी बोट ठेवलं.

"चित्र. कदाचित एक व्यक्ती. हसत आहे."

मनगट, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, एखाद्या माणसाला विचारावं तसं. मनगट कसंय त्याचं? बोट जरा सरकलं.

"बटण," फोन म्हणाला.

मी पुन्हा बोट ठेवलं.

"चित्र. कदाचित एक व्यक्ती."