लाँड्रीवालीचा पीळ

ऑफिसात तिला सगळे तराजू म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. ‘हातघाई’ नावाच्या त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये लोहार, गवंडी, पोस्टमन, न्हावी असले कामकरी लोक एकमेकांशी मारामाऱ्या करायचे, आणि त्यातला कोणी बाकीच्यांना डोईजड होऊ नये हे बघणं तिचं काम. आता एखाद्याचा लाडका गडी हिने हलका केला की तो हिच्यावर खार खाऊन बसणारच. बसेनात का. ती कोणाच्या रागालोभाची पर्वा करणारी नव्हती, आणि हे तिच्या आईपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

एकाच गड्याच्या बाबतीत मात्र तराजूचा काटा थरथरायचा. तो गडी म्हणजे लाँड्रीवाली. बाकीचे सगळे कंपनीच्या डोक्यातून निघालेले, पण ही तराजूने स्वतः घडवलेली, आपल्या आईवरून. आईने उभा जन्म लाँड्रीत लोकांच्या चादरी धुतल्या. तिची ती आपट, ती झटक, आणि सगळ्यावर कडी म्हणजे तो पीळ! ओली चादर दोन्ही मुठींत धरून ती असा मुरगळा द्यायची की दोरीवर टाकायच्या आधीच चादर अर्धी वाळलेली असायची. तराजूने ते सगळं जसंच्या तसं गेममध्ये उतरवलं. आता आईची मनगटं कामातून गेली होती, साधं डब्याचं झाकण उघडायचं तरी लेकीला हाक मारावी लागायची. पण पडद्यावर लाँड्रीवालीने एखाद्या आडदांड लोहाराला पिळून काढलं की म्हातारी खुर्चीत ताठ बसायची आणि म्हणायची, “बघ, अजून जातोय का कोणी माझ्या हातून सुटून.”

आणि आज त्याच पिळावर गदा आली होती.

झालं होतं असं. तराजूने कित्येक दिवस एकच धोशा लावला होता, की गेममध्ये एक सरावखोली हवी. तिथे समोर एक बुजगावणं असेल, ते उलट मारणार नाही. नवख्या माणसाने तिथे हवे तेवढे डाव घोटावेत, चुकला तरी गुण कापले जाणार नाहीत. कारण एरवी नवा माणूस यायचा, पहिल्याच लढतीत जुन्या खोडांच्या तावडीत सापडायचा, मार खायचा, वर टोमणे खायचा आणि जायचा तो परत येतच नसे. प्रोग्राम लिहिणाऱ्या सुताराने अशी खोली करूनही ठेवली होती. सुतार हे त्याचं टोपणनाव, कारण कुठलीही गोष्ट कुठेही ठोकून बसवायचा. गेमच्या नव्या आवृत्तीत काय घ्यायचं आणि काय नाही याचा निकाल आज लागायचा होता. आज राहिलं ते राहिलंच.

निकाल देणार दादा. कंपनी दादांची, गेम दादांचा, आणि गेममधला पहिला नंबरही दादांचाच. ते लाँड्रीवालीच घेऊन खेळत.

“खोली आली तर सगळा तोल जाईल,” दादांनी बैठकीला बसता बसताच सांगून टाकलं. “आपट, झटक, पीळ, ही साखळी आज किती जणांना लागोपाठ जमते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना. उद्या खोलीत बसून शेंबडं पोरसुद्धा ती घोटेल. मग लोहार घ्या नाहीतर गवंडी घ्या, लाँड्रीवालीपुढे कोण टिकणार? पिळात सापडला तो मेला.”

आकडेमास्तरांनी लगेच री ओढली. त्यांचं कामच ते, जिंकण्या-हरण्याचे आकडे बघायचं. “लाँड्रीवाली आज निम्म्या लढती जिंकते, निम्म्या हरते. इतकी चोख तोललेली दुसरी कोणी नाही. कशाला नसती उठाठेव?”

“चोख?” तराजू म्हणाली. “मास्तर, एकाने दोन ताटं जेवली आणि दुसरा उपाशी राहिला, तर तुमच्या हिशेबात दोघांचीही पोटं भरली. ज्याला पीळ जमतो तो रोज जिंकतो, ज्याला जमत नाही तो रोज हरतो. याला तोल नाही म्हणत. लोकांना येत नाही म्हणून तुमचा तोल टिकलाय.”

“मग येऊ दे की त्यांना,” दादा म्हणाले. “मला नाही आलं? तुला नाही आलं? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.”

“पाण्यात पडायला कोण नाही म्हणतंय? पण तुम्ही आल्या माणसाला पुरात ढकलता, दादा. हौदात तरी उतरू द्या आधी.”

“आम्ही मार खाऊन शिकलो.”

“म्हणून त्यांनीही खावा. छळलेली सून सासू झाली की हेच बोलते.”

सुताराला एकाएकी खोकला आला. दादांचा चेहरा मात्र हलला नाही. ते तापट नव्हते, हीच तर त्यांची पंचाईत होती. तापट माणसाशी भांडायला बरं पडतं. दादा शांतपणे खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, “ठीक आहे. तुझी खोली घेऊ. पण मग पीळ काढायचा. निदान अर्ध्यावर आणायचा. तोल सांभाळणं तुझं काम आहे ना? मग तूच काढ, आज, आत्ता. खोली हवी की पीळ, ते तू ठरव.”

दादांनी बरोबर तराजूच्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं, आणि तेही न्यायाच्या आवाजात. पीळ काढायचा म्हणजे संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगायचं, की तुझ्या हातात जे एवढं एक उरलं होतं तेही मीच काढून घेतलं. आणि पीळ ठेवायचा तर दाराशी आलेल्या शेकडो लोकांना लाथा खायला सोडून द्यायचं. तिला रडू आलं असतं, पण त्याच्या आधी संताप आला. बरं झालं.

“मी काहीही काढणार नाही,” ती म्हणाली. “खोलीही येईल आणि पीळही राहील.”

“आणि तोल?”

“तोल आहेच. पिळातून सुटता येतं.”

दादा हसले. “पिळातून सुटता येत नाही. मी जेवढे लोक पिळलेत तेवढे तू पाहिलेसुद्धा नसतील.”

“लावा सुताराची खोली, दाखवते.”

सुताराने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सरावखोली लावली. बुजगावण्याच्या जागी दुसरा माणूसही खेळू शकेल अशी सोय त्याने करून ठेवली होती. दादांनी लाँड्रीवाली घेतली. तराजूने पोस्टमन घेतला, सगळ्यांत काटकुळा, ज्याला घेऊन खेळायला कोणी धजत नाही. दादांनी तिला हलूही दिलं नाही. आपटलं, झटकलं, हात धरला आणि मुरगळायला सुरुवात केली.

आता पिळात सापडलेला माणूस काय करतो? जीव खाऊन उलट्या दिशेला ओढतो. ती उजवीकडे मुरगळते म्हणून हा डावीकडे जोर लावतो. जितका जोर लावावा तितका आवळला जातो. तराजूने तसं केलं नाही. लाँड्रीवाली ज्या दिशेला मुरगळत होती, त्याच दिशेला तिने पोस्टमनला वळवलं. हाताबरोबर तो गर्रकन फिरला आणि फिरता फिरता सुटून बाजूला उभा राहिला, खांद्यावरची पिशवीसुद्धा जागची हलली नाही.

दादांनी हातातल्या कंट्रोलरकडे पाहिलं, तोच बिघडला असावा तसं.

“पुन्हा,” ते म्हणाले.

पुन्हा पकडलं. पुन्हा सुटला.

“चादर हाताबरोबर फिरली तर पिळली जात नाही,” तराजू म्हणाली. “तिचं दुसरं टोक घट्ट धरलेलं असावं लागतं. हे कपडे धुणाऱ्या कोणालाही विचारा. मी ते पहिल्या दिवसापासून आत घालून ठेवलंय.”

दादांनी सुताराकडे मान वळवली. “तुला ठाऊक होतं?”

“मीच तर लिहिलं,” सुतार टेबलाकडे बघत म्हणाला.

“आणि एवढे दिवस तोंडात गुळणी धरून बसलात दोघं? ही रोज दुपारी माझ्याशी खेळते, रोज माझ्याकडून पिळून घेते. सुटता येत असून सुटली नाहीस?”

“नाही सुटले.”

“का?”

“तुमचाच कायदा,” तराजू म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणायचा प्रयत्नही केला नाही. “मी इथे आले त्या पहिल्या दिवशी, लाँड्रीवाली अजून घडायची होती तेव्हा, तुमच्याकडून हरले आणि विचारलं, दादा, हे कसं केलंत? तुम्ही काय म्हणालात? सांगायचं नाही, ज्याचं त्याने शोधायचं. तेव्हापासून या ऑफिसात कोणी कोणाला एक डाव सांगत नाही. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मग मीही बघत बसले, कोणाला सापडतंय का ते. हजारो माणसं खेळतात. एकाला सापडलं नाही. सापडणार कसं? मुरगळणाऱ्या हाताबरोबर फिरायचं म्हणजे वेडेपणा. एकदा चुकलं की जीव गेला आणि गुण गेले. जिथे हरायची धास्ती आहे तिथे वेडेपणा कोण करून बघेल? तुम्हीसुद्धा केला नाहीत, दादा. पहिला नंबर ना तुमचा, तो जाईल म्हणून जपत बसलात. खोलीने तोल जाणार नाही. खोली नाही म्हणून अर्धाच गेम बाहेर पडलाय, आणि उरलेला अर्धा कोणी पाहिलेलाच नाही. तुम्हीही नाही.”

आकडेमास्तर आपल्या कागदांची टोकं जुळवू लागले. नोकरी गेली, असं तराजूला वाटून गेलं. गेली तर गेली. बोलायचं ते बोलून झालं होतं आणि त्यातलं एक अक्षरही तिला परत घ्यायचं नव्हतं.

दादांनी कंट्रोलर पुन्हा उचलला.

“पुन्हा,” ते म्हणाले.

या खेपेला त्यांनी पीळ अर्ध्यावर सोडून आपट मारून बघितली. चुकली. “पुन्हा.” उशिरा मुरगळून बघितलं. तेही चुकलं. “पुन्हा.” बैठक मोडली, मास्तर जेवायला उठून गेले, तरी दादांचं चालूच. पोस्टमन फिरून सुटत होता आणि दादा दर वेळी नवीन काहीतरी वेडंवाकडं करून बघत होते. एकदा तर लाँड्रीवाली स्वतःच तोल जाऊन पालथी पडली, आणि दादा मोठ्याने हसले. स्वतः हरल्यावर हसणारे दादा त्या ऑफिसात आजवर कोणी पाहिले नव्हते.

“पुन्हा,” ते म्हणाले.

तराजूने कंट्रोलर टेबलावर ठेवला. “आता नाही. मला कामं आहेत.”

“अगं, आत्ता कुठे काहीतरी हाताला लागतंय.”

“मग करा की एकट्याने. समोर बुजगावणं आहे. ते उलट मारत नाही, आणि गुणही जात नाहीत.”

दादांनी वर पाहिलं. तिने नजर हटवली नाही. दादांनीच हटवली, पुढे वाकून बटण दाबलं आणि पोस्टमनच्या जागी बुजगावणं आणून उभं केलं.

“सुतार,” तराजू म्हणाली, “खोली नव्या आवृत्तीत घे. आणि पिळाला कोणी हात लावायचा नाही.”

सुताराने दादांकडे पाहिलं. दादांचं लक्ष नव्हतं. त्यांनी बुजगावण्याला आपटलं, झटकलं, पिळलं, आणि वैतागून मान हलवली.

“हे कसलं खुळ्यासारखं उभं राहतंय,” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “सुतार, याला पिळातून सुटायला शिकव आधी. नाहीतर माणसाने सराव करायचा कसा?”