पावतीवरचे ठिपके

साहेब, माझ्या ताईची केस तुम्ही दाबलीत. ती बोलत नाही, एवढंच तुमचं कारण. डोक्याला मार बसल्यापासून ती नुसती छताकडे बघते. पाणी पाजलं तर अर्धं गळ्यावरून ओघळतं. शनिवारी तिला दवाखान्यातून सोडणार, नवऱ्याच्या सहीवर.

दाजींची जबानी अशी : दुपारी दोनला ती न्हाणीघरात घसरली, मी उचलून बाहेर आणली.

मी लाँड्रीत डाग काढते. त्याच दिवशी दाजी स्वतः शर्ट घेऊन आले होते.

"मेहुणीबाई, कोंबडी कापताना उडालं. तुमच्या हातून काय वाटेल ते निघतं म्हणे!"

"तुम्ही कधीपासून कोंबडी कापायला लागलात? चहाचा कप तरी विसळता का?"

दोघं हसलो. त्या हसण्याची मला आता शिसारी येते.

कपडा पाण्यात घालण्याआधी पावतीवर छापलेल्या शर्टाच्या चित्रात डाग जिथल्या तिथे ठिपक्यांनी दाखवायचे, हा आमचा नियम. गिऱ्हाईक मागाहून भांडायला नको. मी ठिपके मांडले. उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक शिंतोडे. वेळ टाकली, अकरा चाळीस. मग एकेक ठिपका गार पाण्यात बोटानं चोळला. माझ्या बहिणीचं रक्त, साहेब. घरचं काम म्हणून जरा जास्तच मन लावून काढलं.

शेजारीण दोनला धावत गेली, तेव्हा फरशीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. ताजं रक्त तसं दिसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. आणि ताईला उचलणाऱ्याच्या अंगात कोरा शर्ट! स्वयंपाकघरात कोंबडीचं पीससुद्धा नव्हतं.

पावती घेऊन आले, तर तुम्ही विचारलंत, "शर्ट कुठाय?"

"धुतला."

"मग बाई, तुमच्या चित्रकलेवर खटला चालवू? ताईंना बोलतं करा, मग या."

हवालदार तोंड फिरवून हसला.

ताई बोलणार नाही. परवा मी तिच्या कपाळावर हात ठेवला, तर तिनं तो लांब ढकलला. माझा हात, साहेब! मी बोलते आहे, शेजारीण बोलायला तयार आहे, आणि तुम्ही पावती टेबलावरून माझ्याकडेच सरकवता.

शनिवारी तिला त्याच माणसाच्या हाती द्यायची का? सांगा. तोंडी नको. लेखी द्या, खाली सही करून.